पासवर्डचा मेल ‘पोचला’ होता, फक्त आमच्याकडे नाही

काकांचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर, आणि ती बनवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला. कॅटलॉग बदलायचा होता, पण अॅडमिनचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. पासवर्ड रीसेट करू म्हटलं. मेल काही येईना.

होस्टिंगवाल्यांच्या (ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्यांच्या) सपोर्टची आठवण आली की अजून डोकं तापतं. ‘स्पॅम बघा सर.’ बघितलं. ‘ब्राउझरची कॅश साफ करा सर.’ मेल न येण्याशी कॅशचा काय संबंध, देव जाणे. मग ‘आमच्याकडे डिलिव्हर्ड दाखवतंय, गुगलला विचारा.’ मी उत्तर लिहीपर्यंत तिकीट आपोआप बंद! नवं उघडलं की नवा माणूस, पुन्हा स्पॅमपासून सुरुवात. काका मागून विचारतायत, ‘अरे, झालं का?’

शेवटी चिडून स्वतःच तपासलं. माझ्या जीमेलवरून कारखान्याच्या पत्त्यावर मेल टाकला, पोचला. साइटवरचा चौकशी फॉर्म भरला, त्याची पोच माझ्या जीमेलवर आली. म्हणजे साइट मेल पाठवते, कारखान्याला मेल मिळतात. फक्त साइटने कारखान्याच्याच डोमेनवर (पत्त्यातला @ नंतरचा भाग) पाठवलेले गायब होतात.

कारखान्याचे मेल मागच्या दिवाळीत होस्टिंगवरून गुगल वर्कस्पेसवर, म्हणजे गुगलच्या कंपन्यांसाठीच्या मेलसेवेवर, हलवले होते. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचे ते सांगणारी नोंद) बदलले, पण सीपॅनेलमधलं, म्हणजे होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधलं, ‘ईमेल रूटिंग’ ‘लोकल मेल एक्स्चेंजर’वरच (मेल याच सर्व्हरवर ठेवा) राहिलं. त्यामुळे सर्व्हर या डोमेनसाठी एमएक्स बघतच नव्हता. भाडेकरू कधीच इंदिरानगरला राहायला गेला, तरी पंचवटीतल्या वाड्याचा मालक त्याची पत्रं आपल्याच कोनाड्यात ठेवतोय, तसला प्रकार. ‘डिलिव्हर्ड’ खोटं नव्हतं. मेल त्यांच्याच सर्व्हरवर, सीपॅनेलच्या मुख्य खात्याच्या मेलबॉक्समध्ये पडत होते. कुणी लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींची, एक ओळ नीट वाचली असती तरी कळलं असतं.

‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ (मेल बाहेरच्या सर्व्हरकडे पाठवा) निवडलं, सेव्ह केलं, संपलं.

हो, रीसेटचं बटण सारखं दाबू नका. नवी विनंती केली की आधीची लिंक बाद होते, आणि तशीही ती एकच दिवस चालते. मेलबॉक्समध्ये सापडलेल्या सगळ्या लिंक त्यामुळे निकामी होत्या. नंतरचा मेल खरोखरच स्पॅममध्ये गेला, कारण एसपीएफ रेकॉर्डमध्ये (डोमेनच्या नावाने मेल कुणी पाठवायचे याची यादी) फक्त गुगल होतं, होस्टिंगचा सर्व्हर नव्हता. हा सर्व्हर आधीच्याच रेकॉर्डमध्ये घाला; दुसरा एसपीएफ रेकॉर्ड केलात तर तपासणीच फसते.

फारच घाई असेल तर पीएचपीमायअॅडमिनमध्ये (सीपॅनेलमधून साइटचा डेटाबेस उघडायचं साधन) युजर्सच्या टेबलात पासवर्डच्या रकान्यात नवा पासवर्ड टाकून फंक्शन एमडी५ (पासवर्ड सांकेतिक रूपात साठवणारं) निवडा. लॉगिन होतं, मेलचं दुखणं मात्र तसंच राहतं. आणि दुसऱ्या डोमेनवरच्या पत्त्याने आणखी एक अॅडमिन करूनच ठेवा.

रूटिंग बदललं म्हणून जुने अडकलेले मेल आपोआप पुढे जात नाहीत. त्या मेलबॉक्समध्ये दिवाळीपासूनच्या चौकशा होत्या. एकेक करून काकांना फॉरवर्ड केल्या. चाकणच्या एका पार्टीने कोटेशन मागितलं होतं, उत्तर नाही म्हणून त्यांनी माल दुसरीकडून घेतला. तिकिटाला मी त्याचा स्क्रीनशॉट जोडला. उत्तर आलं, ‘कृपया स्पॅम तपासा.’