गावातल्या कलावंतावर माहितीपट करायचाय, काय विचारू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला परभणी, हिंगोली, धाराशिवकडून सारखा येतो. आमच्याकडे म्हातारे गोंधळी आहेत, भारूड करणारे आहेत, त्यांच्यावर माहितीपट करायचाय, मुलाखतीत काय काय विचारू? माझं म्हणणं एवढंच, की मुलाखत शेवटी घ्या. आधी त्यांचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपा, मधे न कापता.

गोंधळाचंच घ्या. लग्नानंतर घातलेला गोंधळ रात्रभर चालतो. आपल्याकडच्या चित्रणांत त्यातली दोन-तीन मिनिटं येतात. संबळाचा कडकडाट, गरकन फिरलेला झगा, की लगेच खुर्चीत बसलेले बुवा आणि मागं सत्काराच्या शाली. पण गोंधळ सुरू होतो त्याच्या कितीतरी आधी. चौरंगावर नवं कापड, तांदळाचा चौक, कलश, नारळ, ज्वारीची धाटं. मग दिवटी पेटते आणि तुळजापूरच्या भवानीपासून एकेका दैवताला नाव घेऊन बोलावणं जातं. त्यानंतर आख्यान. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, सांगता सांगता गाण्यात शिरतो, साथीदार मधेच प्रश्न टाकून त्याला अडवतो. मंडळी पेंगायला लागली, की नाईक कथा तिथंच ठेवून भलत्याच गोष्टीकडं वळतो आणि सगळ्यांना हसवून परत आणतो. हे कसं सुचतं, असं एका बुवांना विचारलं होतं. ते म्हणाले, "म्होरं मंडळी असली की सुचतंय. असं बसून कसं सांगू?"

पैठणीचंही तसंच. पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी कांडी असते. शेजारशेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवत कारागीर एक ओळ पुरी करतो, फणी ठोकतो, पुढची ओळ धरतो. बोटभर कापडाला किती वेळ जातो, हे बघणाऱ्याला कळायचं तर कॅमेरा त्या हातांवर थांबायला हवा. तो थांबत नाही, आणि निवेदक मात्र 'अथक परिश्रम' म्हणून मोकळा होतो. याचा मला खरंच राग येतो.

मोठ्या लोकांनी हे करून ठेवलंय. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी १९६७ साली राजस्थानवर छोटा चित्रपट केला. त्यात संवाद नाहीत, आणि बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटाचा 'सुवर्ण अस्वल' पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये आपले शांतिनिकेतनचे शिक्षक, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर 'द इनर आय' केला. मुखर्जींची दृष्टी पुरती गेलेली होती. पण त्यांची दया यावी अशी मांडणी तिथं नाही. हात काम करताना दिसतात.

आणि लांब कशाला, आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावात बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांच्या चमूनं १९९६ साली तिथल्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. महाराष्ट्रभरातून त्यांनी जमवलेल्या ओव्या लाखाच्या वर आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती बंद पडली, तरी त्या ओव्या आज ऐकायला मिळतात. ते कुणी केलं नसतं तर आपल्या हाती 'पूर्वी बाया छान ओव्या गायच्या' एवढंच राहिलं असतं.

आता कामाचं. माईक संबळापाशी ठेवू नका, गाणं बुडतं; नाईकाच्या अंगावर वेगळा माईक लावा. मोठे दिवे लावून मांडव उजळवू नका, मंडळी अवघडतात आणि गोंधळही अवघडतो. बुवांना बिदागी द्या, ती आधीच ठरवा. आणि माहितीपट पंधरा मिनिटांचा झाला तरी रात्रभराचं सगळं चित्रण, न कापलेलं, पेन ड्राइव्हवर घालून बुवांच्या घरी द्या. त्यांच्या नातवाला आख्यान शिकायचं असलं तर त्याला तेच लागणार आहे, तुमचे निवडक तुकडे नाही.