कालाव्रिता: रूळांवरून चालत जाणार असाल तर

‘दरीतली निवांत पायवाट’ असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांनी ती गाडीच्या खिडकीतूनच पाहिली असणार. ग्रीसमध्ये दियाकोप्तो ते कालाव्रिता गाव असा या दरीतून जाणारा 22 किलोमीटरचा दातेरी रेल्वेमार्ग (चढावर दातेरी पट्टीला चाक अडकवून चढणारी गाडी) आहे. त्यातल्या झाख्लोरू या मधल्या गावापर्यंतच्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी रूळ हीच वाट. खडी पायाखालून सरकते, स्लीपरांचं अंतर कुठल्याच पावलाला जुळत नाही, आणि बोगद्यात शिरण्याआधी गाडीची वेळ माहीत नसेल तर जीव मुठीत येतो. जायचंच असेल तर वेळापत्रक स्टेशनवर विचारा, जाड तळव्याचे बूट घाला आणि वरून खाली उतरा. मी चढत गेलो. झाख्लोरूत पाय संपले, तिथल्या टॅक्सीवाल्याने ते ओळखलं आणि मीटर न लावता 50 युरो घेतले. भाडं बसण्याआधी ठरवा. खरं तर गाडीचंच तिकीट काढा, शनिवार-रविवारचं आधीच.

कालाव्रितातल्या कापी टेकडीचा चढ किरकोळ आहे, मला तोही छातीवर आला. 13 डिसेंबर 1943 रोजी जर्मन सैन्याच्या 117 व्या येगर (हलकं पायदळ) डिव्हिजनने गावातले पुरुष आणि मोठे मुलगे इथे आणून मशीनगनने मारले. निमित्त, ग्रीक प्रतिकार सैनिकांनी पकडून मारलेले सुमारे 80 जर्मन सैनिक. वर पांढरा क्रॉस आणि नावं कोरलेल्या भिंती आहेत. नावं घाईत वाचू नका, एकच आडनाव किती वेळा येतं ते बघा. गोठलेल्या जमिनीत हे सगळे बायकांनी पुरले. खाली चर्चच्या मनोऱ्यावरचं एक घड्याळ त्या हत्याकांडाच्या वेळेवर, 2:34 ला थांबवलेलं आहे.

बायका-मुलांना कोंडून पेटवलेल्या शाळेत आता संग्रहालय आहे. दया येऊन दार उघडणाऱ्या ऑस्ट्रियन सैनिकाची गोष्ट तुम्हाला वाटेत कोणीतरी सांगेलच. मलाही सांगितली, मीही विश्वास ठेवला. गावातले अनेक लोक ती मानत नाहीत, आणि मारेकऱ्यांच्या बाजूचा एक भला माणूस पुढे केला की त्यांना राग येतो. मला तो राग रास्त वाटला. तिथे ही गोष्ट काढू नका. वाचलेल्यांच्या चित्रित आठवणी आधी बघा, त्यासाठी वेळ राखा. 2000 साली जर्मन राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ इथे येऊन दुःख आणि शरम व्यक्त करून गेले. भरपाईचा विषय गावात अजून निघतो.

वर्षश्राद्धाला, म्हणजे डिसेंबरात जाणार असाल तर खोली आधी धरा. तो स्कीइंगवाल्यांचाही हंगाम असतो.