सावंतवाडी ते जुने गोवे, पायी

इन्सुलीचा घाट उतरतानाच पायाला पहिला फोड आला. पहाटे चारला सावंतवाडीहून निघालो होतो. चाळीसेक माणसं, पुढे लाकडी क्रूस, मागे सामानाचा टेम्पो. नोव्हेंबर सरत आला, जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू झाली की आमच्याकडचे ख्रिस्ती लोक असे चालत निघतात. बेळगावकडून, कारवारकडूनही येतात. माझी आई बावीस वर्षं चालली. मी पहिल्यांदाच निघालो होतो, ती गेल्यानंतर, तिची जपमाळ खिशात घेऊन.

तिच्या त्या बावीस वर्षांतली एकोणीस मी कुवेतमध्ये काढली. दर नोव्हेंबरात फोनवर सांगायचो, "आये, गाडी करून जा, पैसे पाठवतो." पैसे ती ठेवून घ्यायची आणि चालतच जायची. "गाडयेन गेलंय तर वाटेर सायबावांगडा बोलतलंय कधी?" एवढंच उत्तर. मला ते तेव्हा हट्टाचं वाटायचं.

मी घर बांधलं. सहा खोल्या, ग्रॅनाइटचा ओटा, वर गच्ची. दर सुट्टीत घरात काहीतरी नवं यायचं. आधी मोठा टीव्ही, मग इन्व्हर्टर, मग गाडी. त्या आनंदाला मी खोटा म्हणणार नाही, वस्तू घरात आली की मन खरंच भरायचं. पण परतीच्या विमानात बसेपर्यंत ते ओसरलेलं असायचं आणि डोक्यात पुढच्या खरेदीचा हिशोब सुरू झालेला असायचा. मला वाटायचं, आकडा कमी पडतोय. पगार दुप्पट झाला तेव्हाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडली. धारगळच्या आसपास ऊन असं तापलं की तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणाऱ्यांचे आवाजही बसले. रस्त्याकडेच्या एका घरातून एक बाई कळशी घेऊन बाहेर आल्या. अंगणात तुळशीवृंदावन. "बसात मातशें," म्हणाल्या. मी तीन तांबे पाणी प्यायलो. आयुष्यात इतकं गोड काही प्यालो नसेन. आणि पुढचा मैलभर चाललो तोच घसा पुन्हा कोरडा.

तेव्हा बायबलमधली, विहिरीवर पाणी भरायला आलेली ती शोमरोनी स्त्री आठवली. "जो कोणी हे पाणी पितो त्याला पुन्हा तहान लागेल," असं येशू तिला म्हणतो. हा उतारा मी लहानपणापासून मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, ऐकलाय. पण येशू त्या पाण्याला नावं ठेवत नाही, हे मला धारगळच्या उन्हात कळलं. तो स्वतःच तिच्याकडे पाणी मागतो. पाणी चांगलंच आहे, फक्त त्याच्याकडून जन्माची तहान भागवून घेऊ नये. मी कुवेतच्या पगाराकडून नेमकं तेच मागत होतो. पैशाला मी दोष देत नाही, त्याच पैशावर आईचं औषधपाणी झालं.

म्हापशाला मुक्काम होता. रात्री फादर सायबाविषयी बोलले. फ्रान्सिस झेवियर स्पेनकडच्या नावार राज्यातल्या सरदार घराण्यातला, पॅरिसच्या विद्यापीठात शिकणारा, मोठ्या हुद्द्यांची स्वप्नं पाहणारा तरुण. त्याच्याबरोबर राहणारा इग्नाशियस त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारायचा म्हणे, सगळं जग मिळवलंस आणि आत्मा गमावलास तर लाभ काय? तोच फ्रान्सिस 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरला, हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून पोरांना धर्मशिक्षणाला बोलावू लागला. दहा वर्षांनी चीनजवळच्या शांगच्वान बेटावर, एका झोपडीत, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहत वारला. वय 46.

तिसऱ्या दिवशी मांडवीचा पूल, मग रायबंदरचा तो लांबलचक जुना बांध. पाय आता आपले राहिले नव्हते. आणि समोर जुने गोवे. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही, असं पोर्तुगीज म्हणत, ते हे शहर. मिरी, रेशीम, घोडे, जहाजं. मग साथींनी माणसं नेली, घरं ओस पडली, 1843 मध्ये राजधानी पणजीला गेली. टेकडीवर संत ऑगस्टिनच्या चर्चचा मनोरा उभा आहे, 46 मीटर उंचीचा, अर्धा कोसळलेला. छप्पर 1842 मध्येच पडलं. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. या ऑगस्टिनने तरुणपणी सगळी सुखं भोगून पाहिली होती आणि मग लिहून ठेवलं की देवाठायी विसावल्याशिवाय आमचं काळीज अस्वस्थच राहतं. त्याच्याच नावाचं चर्च, सोन्यासारख्या शहरात, असं उघडं पडलेलं.

सायबाचं शव ठेवलेल्या बाझिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, रांग मोठी होती. झोपडीत मेलेल्या माणसाची चांदीची पेटी, खाली तस्कनीच्या ड्यूकने पाठवलेली संगमरवरी बैठक. हे त्याला रुचलं असतं का, असा प्रश्न मनात आला. पण आईसारखी हजारो माणसं चांदी बघायला तीन दिवस चालत येत नाहीत.

माझी पाळी आली. वाटभर मागण्यांची यादी करत आलो होतो, मुलाची नोकरी, गच्चीची गळती. गुडघे टेकले आणि एकही आठवेना. आईची जपमाळ हातात घेऊन तसाच राहिलो. मागच्या माणसाने खांद्याला हात लावला तेव्हा उठलो.

परत बसने आलो. धारगळला ते घर दिसावं म्हणून खिडकीशी बसलो होतो. अंधार पडला होता, तुळशीपुढे दिवा लावलेला होता.