फुल रेसला मान टाकणारं १५ एचपी: कुठवर आलोय

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. होडीच्या मागे लावायचं हे आऊटबोर्ड इंजिन आता फुल रेसला ५१०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास टिकतंय, आधी ३२०० वर येऊन बसत होतं. कारणं एक नाही दोन निघाली, आणि राहिलेलं काम बहुतेक पंख्याचं (प्रोपेलरचं) आहे. कार्ब (कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलावा लागला, पण सगळ्यात शेवटी, आणि माझं म्हणणं तेच आहे की तो शेवटीच खोलावा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: जपानी बनावटीचं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्ब, १५ इंची शॉर्ट शाफ्ट, सेकंडहँड घेतलेलं. होडी १४ फुटी फायबरची, वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळ-धोपावे फेरी लागते त्याच्या आतल्या बाजूला. पुस्तकात फुल थ्रॉटलची रेंज ४५०० ते ५५०० दिलीय.

दुखणं असं, की स्लोला अगदी शिवणयंत्रासारखं चालायचं, अर्ध्या रेसपर्यंत काही तक्रार नाही, फुल उघडलं की नाळ उचलायची, होडी पाण्यावर चढायची, २५-३० सेकंद मस्त, आणि मग रेस हळूहळू उतरत जाऊन होडी परत पाण्यात बसायची. थ्रॉटल कमी केला की सावरायचं, परत उघडला की परत तेच रडगाणं.

आता यातले ते २५-३० सेकंद बघा, निम्मं निदान तिथेच आहे. कार्बच्या बाऊलमध्ये थोडं पेट्रोल साठलेलं असतं, फुल रेसला ते झपाट्याने ओढलं जातं आणि मागून तेवढं येत नसेल तर बाऊल रिकामा होईपर्यंत इंजिन पळतं आणि मग गळपटतं. मेन जेट (कार्बमधली बारीक भोकाची पितळी नळी, फुल रेसचं पेट्रोल तिच्यातून जातं) चोंदलेला असता किंवा इग्निशनची भानगड असती तर थ्रॉटल उघडल्या उघडल्या रड सुरू झाली असती (कॉइल तापून मार खाते तो प्रकार वेगळा, पण तो रेस कमी केल्यावर लगेच असा सावरत नाही). म्हणजे पहिला संशय टाकी ते पंप या रस्त्यावर. तरी ज्याला विचाराल तो "कार्ब साफ कर" एवढंच सांगतो, मेकॅनिकसुद्धा.

दुसरा सल्ला मिळतो तो ड्रमचा. ड्रममध्ये इंजिन लावून फुल रेस दिली तर काहीही कळत नाही, पंख्यावर खरा लोडच येत नाही, पाणी नुसतं घुसळून बाहेर उडतं. ट्रायल खाडीतच घ्यायची, शक्यतो भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा), कारण उधाणाला पाण्याची ओढ इतकी असते की जीपीएसचा स्पीड बघून उगाच खूश व्हायला होतं. मी वर आणि खाली दोन्हीकडे पळवून सरासरी धरतो. आणि किल स्विचची (ओढली की इंजिन बंद होतं ती) दोरी मनगटाला, ही चैन नाही. दुसरा माणूस पण हवाच, एकाने दांडा धरायचा आणि एकाने फ्युएल लाइनवरचा रबरी बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा).

माझ्याबरोबर शेजारचे तांडेल काका होते. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना हे त्यांनी स्वतः बघितलं (तो बंद असला की अगदी हीच लक्षणं येतात, आधी ते बघा). फुल रेसला इंजिन उतरायला लागलं तसं मी म्हटलं, काका, आता दाबा. त्यांनी बल्ब दाबला आणि तीन-चार दाबांत रेस परत वर. सोडला की खाली. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय यात शंकाच नाही. मग त्यांनी बल्ब हातात नुसता धरून ठेवला आणि म्हणाले, "अरे हा चपटा नाही होत, नुसता मऊ पडलाय. हवा खातोय हा."

हे ज्यांना नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. बल्ब आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर टाकीकडे अडथळा आहे, म्हणजे हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, नाहीतर पाइपचं आतलं अस्तर सुटून वाट अडवतंय. चपटा न होता मऊ पडत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा पंप ओढत नाहीये. हवा शिरण्याची गंमत अशी की ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. कोरडं दिसतं म्हणून माणूस तिकडे बघतच नाही. आणि स्लोला इंजिनला थेंब-थेंब पेट्रोल पुरतं, म्हणून तिथे ही फट लपून जाते.

मग बल्ब आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक पाइप घातला, फक्त टेस्टपुरता, कारण तो पेट्रोलने कडक होतो, कायमचा ठेवायचा नाही. स्लोला निळसर पेट्रोल शांतपणे जातंय, अर्ध्या रेसला एखादा बारीक बुडबुडा, आणि फुल रेसला बुडबुड्यांची अख्खी माळ. बघायला छान वाटतं खरं. तो पाइप एकेक जोड पुढे-मागे सरकवत गेलो आणि चोर सापडला, टाकीच्या कनेक्टरमधली ओ-रिंग. बाहेर काढली तर रबर कडक होऊन चपटं झालेलं, नखाने दाबलं तर चीर दिसली. ओ-रिंग बदलली, पाइप आणि बल्ब पण नवीन टाकला, इथेनॉलला चालणारा. पंप उघडून डायफ्राम (आतला लवचिक पडदा) उजेडासमोर धरला, एकही भोक नव्हतं, पण उघडलाच होता तर किट बदलून टाकलं.

इथेनॉलवरून आठवलं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि बहुतेक आऊटबोर्डवाल्या कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच चालेल म्हणतात. जुन्या रबराची ते वाट लावतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाला बसतं, म्हणजे बरोबर टाकीतला पाइप जिथून ओढतो तिथे. इंजिनाबरोबर आधीच्या मालकाची अर्धी टाकी आली होती, ती काचेच्या बरणीत ओतून रात्रभर ठेवली तर खाली बोटभर पाणचट थर आणि वर पेट्रोल. पावसाळ्यात होडी वर काढली की टाकी आणि बाऊल दोन्ही रिकामे करा, एवढं तरी करा.

तर बुडबुडे गेले, ३० सेकंदांचं नाटकही गेलं, पण रेस ४६०० ला अडकली. आता बल्ब दाबून काही फरक पडत नव्हता, म्हणजे पंपापर्यंतचा रस्ता सुटला. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरना सारखं. टायमिंग लाइटचा (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) क्लँप आधी वरच्या, मग खालच्या प्लगच्या वायरला लावून फुल रेसला बघितलं, दोन्हीकडे फ्लॅश एकसारखा, एकही चुकत नाही, इग्निशन सुटलं (झाकण काढलेलं असतं आणि फ्लायव्हील उघडं फिरतं, बाह्या दुमडून बसा). मग चोकची युक्ती, फुल रेसला चोक क्षणभर किंचित ओढायचा. इंजिन बसलं तर पेट्रोल आधीच पुरेसं आहे, रेस वाढली तर कमी पडतंय. माझी २०० ने वाढली.

आता कार्ब. बाऊल काढला तर तळाला हिरवट-पांढरी भुकटी, आणि मेन जेट उजेडासमोर धरला तर भोक गोल दिसायच्या ऐवजी कडेने खाल्लेल्या चंद्रकोरीसारखं. क्लीनरमध्ये भिजत ठेवला, मग नायलॉनच्या केसाने आणि हवेने साफ केला. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेटवरच्या नंबरला काही अर्थ उरत नाही. जेट बसतो त्या नळीची आडवी बारीक भोकंही साफ करा, लोक ती विसरतात.

"चालतंय ना, मग पळवू या तसंच" म्हणणाऱ्यांसाठी एकच सांगतो, टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, तेही सगळ्यात जास्त तापमान असतं तेव्हाच. पिस्टन चिकटला की मग हिशोब हजारांत.

त्यानंतरच्या ट्रायलला ५१००, दोन माणसं आणि अर्धी टाकी धरून. जीपीएसवर सरासरी ताशी २९-३० किमी. पंखा १० पिचचा (एका फेऱ्यात कागदावर १० इंच पुढे), गिअर रेशो २.०८ (इंजिनाचे २.०८ फेरे म्हणजे पंख्याचा एक), म्हणजे कागदावर साधारण ३७ निघतात, स्लिप (कागदावरच्या स्पीडपेक्षा खरा जितका कमी तेवढी घट) २० टक्क्यांच्या आसपास. एवढ्या होडीला हे ठीकच आहे, पंख्याचा रबरी बुश घसरत असता तर रेस वर आणि स्पीड याहून बराच खाली दिसला असता.

पण चार माणसं आणि बर्फाची पेटी घेतली की रेस ४६०० ला येते आणि होडी चढायला फार वेळ घेते. एका पातीची कड खडपाला लागून वाकलीय, ती आधी सरळ करून घेतोय. मग ९ पिचचा पंखा लावून बघणार, एक इंच पिच कमी केला की साधारण २०० रेस वाढते असा अंदाज धरतात, म्हणजे लोडला ४८०० आणि रिकामं ५३००, दोन्ही रेंजमध्ये. वरचा स्पीड थोडा जाईल, जाऊ दे. कुणाकडे ९ चा ॲल्युमिनियमचा पडून असेल तर सांगा, स्प्लाइन (शाफ्टवर पंखा बसतो ते दाते) मोजून कळवतो, चांगला निघाला तर विकतच घेईन.