मॅग्नेशियम स्टिअरेट किती वेळ मिसळायचं? एमसीसी आणि डीसीपीची नोंद

हातानं फिरवायच्या सिंगल पंच मशीनवर, ८ मिमीच्या सपाट पंचनं २०० मिलिग्रॅमची गोळी आता वजनाला सारखी निघते. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो, यात औषध काहीच नसतं, नुसते एक्सिपिअंट, म्हणजे गोळीत औषधाच्या जोडीला घालतात ते पदार्थ. गोळ्या खायच्या नाहीत, मोडून आणि पाण्यात टाकून बघायच्या.

वजन जुळलं ते एमसीसीची (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) १०१ ऐवजी १०२ ही जात घेतल्यावर. १०१ चा कण सरासरी ५० मायक्रॉनचा, १०२ चा १०० चा. कण मोठा असला की डायमध्ये, म्हणजे गोळीच्या साच्यात, सहज उतरतो. पावडर वाहते कशी हे आधीच बघायचं असेल तर १०० मिलीच्या मोजपात्रात ती सैल भरा आणि पातळी उतरायची थांबेपर्यंत पात्र आपटत राहा. जितके मिली खाली गेली तितका कार इंडेक्स, म्हणजे पावडर आपटून किती टक्के दबते ते; वेगळं गणित लागत नाही. १५ पर्यंत असेल तर बिनघोर वापरा. २५ च्या पुढं गेला की हॉपरला (पावडर भरायच्या नरसाळ्याला) टिचक्या मारत बसावं लागतं. मक्याच्या स्टार्चचं तेच होतं.

यावेळी मुख्य काम मॅग्नेशियम स्टिअरेट या वंगणावर केलं. ते घातलं नाही तर गोळी डायला धरून बसते, म्हणून अर्धा टक्का घालतोच. पण किती वेळ मिसळायचं? एमसीसीचं मिश्रण बरणीत २ मिनिटं हलवून गोळ्या पाडल्या, मग तेच २० मिनिटं हलवून. पंचाची खोली तीच, वजन तेच. दुसऱ्या खेपेच्या गोळ्या बोटांनी मोडाव्यात इतक्या कच्च्या निघाल्या, आणि पाण्यात टाकल्यावर भिजायलाही वेळ लागला. डीसीपीवर (डायकॅल्शियम फॉस्फेट) हाच प्रयोग केला, तर फरक हाताला जाणवेना.

कारण दोघांच्या स्वभावात आहे. खडीसाखरेवर दाब दिला तर ती फुटते, कणकेवर दिला तर ती दबते. डीसीपी फुटणारं, एमसीसी दबणारं. स्टिअरेटचे पापुद्रे जास्त हलवल्यावर सुटतात आणि प्रत्येक कणावर पातळ थर चढवतात. डीसीपीचा कण दाबाखाली फुटला की आतली कोरी बाजू उघडी पडते आणि तिथं बंध जुळतो. एमसीसीचा कण थरासकट चपटा होतो, मग बंध जुळणार कुठं? स्टार्चही दबणाऱ्यांतलंच, शिवाय दाब सुटला की थोडं परत फुगतं. थर पाणीही अडवतो, म्हणून भिजायला उशीर. माझ्या मते नवशिक्यानं हा एक प्रयोग सगळ्यात आधी करावा. पुस्तकातला प्लॅस्टिक आणि ब्रिटल हा फरक तेव्हा हातात येतो.

डीसीपीची गोळी टणक झाली तरी पाण्यात तशीच पडून राहते. क्रॉसकार्मेलोज हे पाण्यात फुगून गोळी फोडणारं द्रव्य २ टक्के घातल्यावर फुटायला लागली.

आता सोलापूरच्या हवेबद्दल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठक्क. स्टार्चमध्ये एरवी १० ते १३ टक्के ओलावा असतो. उघड्या परातीत ठेवलेल्या स्टार्चच्या गोळ्यांची टोपी उडाली, म्हणजे कॅपिंग. झाकणबंद डब्यातल्या त्याच स्टार्चच्या गोळ्या धड निघाल्या. शेजारी एक काका आयुष्यभर यंत्रमागावर होते. त्यांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "कोरड्या हवेत सूत तुटतंय की, म्हणून शेडमध्ये दमट ठेवायचो आम्ही." सूतही सेल्युलोज आणि एमसीसीही सेल्युलोजच, लाकडाच्या लगद्यावर आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं. थोडं पाणी कणाला मऊ ठेवतं. फार झालं की मात्र पावडर गोळे धरते, पावसाळ्यात ते सांभाळावं लागेल.

कॅपिंगवर दुसरा उपाय चाक सावकाश फिरवण्याचा. अडकलेली हवा निघून जाते आणि दबणाऱ्या कणांना बसायला वेळ मिळतो. डीसीपीला वेगानं फारसा फरक पडत नाही.

पुढच्या खेपेला एमसीसी आणि डीसीपी निम्मं-निम्मं घेऊन २० मिनिटं हलवणार आहे. कोणी स्टिअरेटऐवजी सोडियम स्टिअरिल फ्युमरेट वापरलं असेल तर टक्के आणि मिसळण्याची वेळ दोन्ही कळवा. ते जास्त हलवलं तरी गोळी इतकी कच्ची पडत नाही, आणि मला ते इथं आमच्या मशीनवर बघायचंय.