नवऱ्याचा ओटीपी कशाला?

पुण्यातल्या दत्तवाडीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, निराधारचा अर्ज, मुलांची स्कॉलरशिप, अशी सगळी कामं येतात. सरकारी योजनेचा जीआर मी वाचते तो समोर उभ्या असलेल्या बाईला दोन वाक्यांत समजावून सांगता यावा म्हणून. आणि गेली काही वर्षं एक गोष्ट मला सतत खटकते आहे. पैसे द्यायला सरकार तयार असतं, पण ते घेणारी बाई कर्ती-सवरती आहे, स्वतःचं बरं-वाईट तिला कळतं, हे मानायला मात्र तयार नसतं.

लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून लागू झाली. 21 ते 65 वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला 1,500 रुपये, थेट तिच्या आधार जोडलेल्या खात्यात. ही रक्कम मला मनापासून पटते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या हातात, कोणापुढे हात न पसरता, आपल्या मर्जीने खर्च करता येतील असे पैसे पहिल्यांदा आले. कोणी भिशी लावली, कोणी शिलाई मशीनचा हप्ता सुरू केला, एकीने दात बसवून घेतले.

मग सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी आली. बाईचा आधार नंबर, तिच्या मोबाइलवर ओटीपी, इथवर ठीक. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे शब्द पहिल्या दिवसापासून आहेत. तरीही केवायसीचं पान प्रत्येकीमागे एक पुरुष आहे असं धरूनच बनवलेलं होतं.

त्या दिवसांत दुकानात नुसती फोनाफोनी चालायची. नवरा हिंजवडीला साइटवर, मोबाइल सुपरवायझरकडे जमा. नवरा झोपलेला, उठवलं तर चिडेल. नवऱ्याचा नंबर आधारला जोडलेलाच नाही. "अहो, मेसेज आला का? सहा आकडी नंबर आहे, वाचून दाखवा पटकन," हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलं की आजही कानात आहे.

जनता वसाहतीतली एक ताई, चार घरची धुणीभांडी करते. नवरा बरीच वर्षं वेगळा राहतो, गावाकडे. घटस्फोट झालेला नाही. कोर्टाच्या खेपा घालायला पैसा आणि सवड कुठून आणायची? तिने जावेकडून त्याचा नंबर मिळवला आणि माझ्या दुकानातूनच फोन लावला. स्पीकर चालू होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "किती येतात महिन्याला?" तिने सांगितलं. "मग पाचशे माझे." ती गप्प राहिली. स्क्रीनवर ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवला, पुन्हा संपली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बरं, देईन," आणि त्याने सहा आकडे सांगितले. मी ते टाइप केले. पैसे देऊन ती बाहेर पडली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

ज्या माणसाने तिच्या पोराच्या वह्यांना कधी एक रुपया दिला नाही, त्याच्या हातात हा अधिकार सरकारच्या नियमाने आणून दिला. पुढे बोंब झाली तेव्हा मुदत वाढली, आणि पती-वडील हयात नसलेल्या किंवा घटस्फोटित बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडीसेविकेकडे द्यावा, अशी सोय निघाली. या ताईकडे यातलं काहीच नाही. नवरा जिवंत आहे आणि कागदोपत्री नवराच आहे.

पडताळणी नको असं मी म्हणत नाही. या योजनेत 14 हजारांहून जास्त पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं 2025 मध्ये उघड झालं. पण आधारवर स्त्री की पुरुष हे लिहिलेलं असतं. ते सरकारने आपल्या घरात बसून तपासायचं होतं. उत्पन्न तपासायचं तर प्राप्तिकराची माहितीही सरकारकडेच आहे. चूक झाली सरकारी छाननीत आणि तिचा भुर्दंड पडला कामावरची रजा टाकून रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईवर.

संजय गांधी निराधार योजनेचं तर दुखणं जुनं आहे. विधवा बाईला महिन्याला 1,500 रुपये मिळवायचे तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला 1,750. पुण्यात एका खोलीचं भाडं याच्यापेक्षा जास्त आहे. पोळ्या लाटून, भाजी निवडून देऊन पोट भरणारी मावशी अर्जापुढे बसते आणि मला हळूच विचारते, "ताई, किती लिहू?" प्रामाणिक बाईला मान खाली घालून खोटं लिहायला लावणारी ही अट आहे. वर दरवर्षी हयातीचा दाखला. एका कार्यालयात टेबलामागच्या माणसाने सत्तरीच्या आजींना "काय गं म्हातारे, आहेस अजून?" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. तिथल्या तिथे त्याला आजींची माफी मागायला लावली.

दुकानात झेरॉक्सला येणारे सोसायटीतले लोक म्हणतात, फुकट पैसे वाटून लोक आळशी होतात, बायका साड्याच घेतात. मी त्यांना विचारते, काका, घरकर्जाच्या व्याजावर तुम्ही इतकी वर्षं दोन लाखांपर्यंत वजावट घेतलीत, वाचलेल्या पैशाचं काय केलंत हे कोणी विचारलं का? काकूंचा ओटीपी मागितला का? 2011 च्या सुमारास मध्य प्रदेशातल्या काही गावांत ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने प्रत्येकाला कसलीही अट न घालता दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली. लहान-थोर सगळ्यांना, पैशाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. दारूवरचा खर्च वाढला नाही.

आणि साडी घ्यायची असली तर घेऊ दे की. अंत्योदय रेशनकार्डावर वर्षाला एक साडी देण्याची योजना सरकारनेच 2023 मध्ये काढली. ती साडी रंग-पोत न विचारता हातात ठेवतात. तिने आपल्या पैशाने, आपल्या आवडीची साडी तुळशीबागेतून आणली की मात्र ती उधळी ठरते. 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांनी अशा साड्या परत केल्या आणि रोजगार मागितला. ती बातमी मी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे.

पुण्याला हे सगळं नवीन वाटायला नको. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच शहरात ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. तिथे हमाल पैसे मोजून जेवतो. दर परवडणारे, पण जेवण विकत घेतलेलं, त्यामुळे भाजी कच्ची राहिली तर तो तक्रार करू शकतो. 1969 चा माथाडी कायदाही तसाच आहे. हमालाच्या मजुरीवर मालकाने लेव्ही, म्हणजे वरची ठराविक रक्कम भरायची, त्यातून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, रजा. कोणाच्या मेहेरबानीवर नाही, घामावर हिशेब. 1977 च्या रोजगार हमी कायद्याने तर मजुराला काम मागण्याचा हक्क दिला आणि काम देता आलं नाही तर सरकारलाच बेकारभत्ता द्यायला लावला. माणसाला मोठं मानणारे कायदे याच राज्यात लिहिले गेलेत.

निराधारचे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीवर राजकीय नेमणुकीचा अध्यक्ष असतो. त्यामुळे बायका अर्जाआधी कार्यकर्त्याकडे जातात, आणि पैसे आले की त्यालाच पेढे देतात. हप्ता थांबला तरी त्याच्याच दारात. का थांबला हे बाईला कोणी लेखी कळवत नाही.

म्हणून आता मी एक काम सुरू केलं आहे. लाडकी बहीण असो, निराधार असो की म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना, ज्यांचा हप्ता बंद झाला असेल त्यांनी पासबुक आणि अर्जाची पोच घेऊन दुकानात यावं. हप्ता कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने थांबला, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देते. अर्ज दीडशे शब्दांच्या आत बसतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. लिहिण्याचे पैसे मी घेत नाही. फक्त सही किंवा अंगठा बाईने स्वतः करायचा आणि अर्ज स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचा. नवऱ्याला किंवा कार्यकर्त्याला सोबत आणायची गरज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा या.