मेनेहामच्या वाटेवरची दगडी भट्टी

फ्रान्समधल्या ब्रेस्टपर्यंत ट्रेन, पुढे भाड्याची गाडी, मग दोन दिवस नुसता पाऊस. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही तिघं, मी, नवरा आणि लेक, मेनेहामला गेलो. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर केर्लुआं गावाजवळची ही छोटी वस्ती. गवताने शाकारलेली जुनी घरं, आणि ज्याचे फोटो सगळीकडे दिसतात ते पहाऱ्याचं दगडी घर, दोन अवाढव्य खडकांच्या मध्ये बसवलेलं. सुंदरच आहे ते, पण त्याच्यासमोर फोटोसाठी एवढी गर्दी की पाच मिनिटं शांत उभं राहता येईना, म्हणून आम्ही किनाऱ्याच्या पायवाटेने पुढे निघालो.

वाटेत गवतात एक लांबट खड्डा दिसला, दोन्ही बाजूंनी दगड लावलेले, सात-आठ मीटर लांब आणि जेमतेम हातभर रुंद. कोणीतरी त्यावर ओले टॉवेल वाळत घातलेले आणि कडेला पिकनिकचा डबा. आम्हीही पुढे निघून जाणार होतो, तेवढ्यात एक आजी खालच्या खडकांतून वर आल्या, पाठीवर गळकं पोतं, आणि ते खाली ठेवून दम खायला तिथेच टेकल्या. त्यांनी टॉवेलांकडे एकदा बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. ते बघून माझ्या पोटात कालवलं. नवऱ्याला फ्रेंच येतं, त्याने विचारलं, हे काय आहे? आजी म्हणाल्या, "भट्टी. आमच्या वडिलांची पण होती अशीच, पलीकडे."

मग अर्धा तास आम्ही तिथेच बसून राहिलो. समुद्री शेवाळाला त्या ब्रेटन भाषेत बेझिन म्हणत होत्या. लाटांनी आणलेलं किंवा बोटीतून कापून आणलेलं बेझिन वाळूच्या टेकाडांवर पसरून वाळवायचं, पाऊस आला की धावत जाऊन ढीग करायचे, ते काम बायका-मुलांचं. मग या खड्ड्यात दिवसभर जाळायचं आणि लोखंडी कांबीने ढवळत राहायचं. राख वितळून दगडासारख्या जड वड्या व्हायच्या. आधीच्या काळात त्यातला सोडा काच बनवायला जायचा. पुढे 1811 मध्ये कूर्त्वा नावाच्या माणसाला शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं आणि 1829 मध्ये जवळच ल कोंकेला आयोडीनची फॅक्टरी निघाली. लहानपणी गुडघा फुटला की आई लावायची ते टिंक्चर आयोडीन, त्यातल्या आयोडीनचं मूळ अशा खड्ड्यांत आहे हे मला चाळिशीत कळलं.

वडीच्या वजनापेक्षा त्यात आयोडीन किती यावर फॅक्टरीत भाव ठरायचा. "बाबा रागावून घरी यायचे," आजी म्हणाल्या. उन्हाळ्यात इथली कितीतरी कुटुंबं मोलेन द्वीपसमूहाच्या छोट्या बेटांवर जाऊन झोपड्यांत राहायची, कारण लामिनारिया जातीचं चांगलं शेवाळ तिकडे. त्यांच्या घरची शेवटची भट्टी पेटली तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या, 1950 च्या आसपास. धुराचा वास कपड्यांतून जायचाच नाही म्हणे. हे सांगताना त्यांनी स्वेटरची बाही नाकाला लावली, मला तो हात अजून दिसतो.

पोत्यात पियोका होतं, म्हणजे लालसर, झालरीसारखं बारीक शेवाळ. मोठ्या ओहोटीलाच त्याचे खडक उघडे पडतात, तेव्हा दोन-तीन तास वाकून हाताने तोडायचं. लेकीने आणि मी खाली जाऊन करून बघितलं. पाणी ऑगस्टमध्येही इतकं गार की बोटं लाल झाली, पाय सारखा घसरत होता आणि वीस मिनिटांत छोटी पिशवी अर्धीसुद्धा भरली नाही. यातून कॅरागीनन निघतं, चॉकलेट दूध दाट करायला वापरतात ते. दुकानात ते दूध घेताना कोणाला या खडकांची आठवण येत असेल?

दुसऱ्या दिवशी लानिल्दु बंदर बघितलं, सीवीड उतरवणारं युरोपातलं सगळ्यात मोठं. तिथे बोटीवरच्या यांत्रिक हाताला वाकडा आकडा असतो, त्याला स्कुबिडू म्हणतात, तो पाण्यात रवीसारखा गरगर फिरतो आणि लांब पट्ट्या गुंडाळून उपटून वर आणतो. बघायला भारी वाटलं. प्लूगेर्नोचं म्युझियम, ईल व्हिएर्ज बेटावरचं 82.5 मीटर उंच दगडी दीपगृह, तेही झालं. पण मन त्या खड्ड्यापाशीच होतं. तिथे खुणेचा एक दगड तरी हवा, लोकांना कळलं तर टॉवेल नाही टाकणार कोणी.

निघताना आजींनी मूठभर वाळवलेलं पियोका कागदात बांधून दिलं. सांगितलं, दुधात उकळा, गाळा, साखर घाला, गार करा. त्या रात्री भाड्याच्या घरात केलं, चायना ग्रासच्या खरवसासारखं जमलं, शेवटी किंचित समुद्राचा वास. लेकीने दोन वाट्या खाल्ल्या. उरलेलं पियोका माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे.